काळी एकचा तंबोरा घुमतो, पांढरी चारचा नाही. दोष अ‍ॅम्पचा की हॉलचा?

खडू_फळा (मिरज)

नमस्कार मंडळी. निवृत्त झाल्यावर हौसेनं एक जोडी बुकशेल्फ स्पीकर आणि छोटा अ‍ॅम्प घेतला. वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) सव्वापाच इंची, पाठीमागे पोर्टचं भोक. हॉल 16 फूट 4 इंच लांब, 10 फूट रुंद. स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये दोन बाजूंच्या कप्प्यांत, अगदी भिंतीला पाठ लावून. समोरच्या भिंतीला टेकून सोफा.

काळी एकचे, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरणारे गायक लावले की तंबोऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालचा सा) नुसता घूं घूं करत राहतो आणि गायक घोंगडं पांघरून गातोय असं वाटतं. तेच पांढरी चारमध्ये गाणाऱ्या एका बाईंचं रेकॉर्डिंग लावलं की सगळं स्वच्छ. दुकानात दोन्ही उत्तम वाजलं होतं. दुकानदार आता म्हणतो, अ‍ॅम्प मोठा घ्या. सौ. म्हणतात, जुन्या ट्रान्झिस्टरवर गाणं जास्त कळायचं. तंतुवाद्यांची गल्ली आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खरा तंबोरा कसा बोलतो हे कानाला माहीत आहे, म्हणून जास्त टोचतं.

अ‍ॅम्प बदलू का?

रविवार_सकाळ

आधी वायरी बघा. एका स्पीकरला लाल-काळी उलटी लागली की असे घोटाळे होतात. आमच्याकडे सहा महिने तसंच चाललं होतं, कुणाला पत्ता नाही.

जुना_साउंडवाला (कोल्हापूर)

वायरी बघायला हरकत नाही, पण उलट्या असत्या तर खर्ज पातळ झाला असता आणि गायक मधोमध उभा न राहता खोलीभर पसरला असता. इथं उलटंच होतंय.

गुरुजी, अ‍ॅम्पला हात लावू नका. तुमचं दुखणं तुम्हीच लिहिलंय: 16 फूट 4 इंच.

मी चोवीस वर्षं मांडवाचं साउंड केलं. मैदानात आवाज जातो तो जातो, परत येत नाही. बंद खोलीत तो भिंतीवर आपटून परत येतो आणि निघालेल्याला भेटतो. आता हिशेब बघा. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. तुमची लांबी 4.98 मीटर. भागाकार 69. म्हणजे 69 हर्ट्झची एक अख्खी लाट तुमच्या दोन भिंतींत चपखल बसते. काळी एकच्या गायकाचा सा 138.6, खर्ज त्याच्या निम्मा, 69.3. पांढरी चारचा खर्ज 87. तो तुमच्या लांबीत बसत नाही, रुंदीतही नाही. म्हणून बाई स्वच्छ.

खरं तर तंबोऱ्यात खर्जाचा मूळ स्वर तसा बारीकच असतो, जवारीमुळे, म्हणजे तार घोडीवर हलकेच घासते त्यामुळे, वरचे स्वर जास्त बोलतात. तुमचा हॉल नेमका तो बारीक स्वर उचलून मोठा करतोय. ट्रान्झिस्टरच्या तीन-चार इंची स्पीकरला 69 हर्ट्झ झेपतच नाही, त्यामुळे घुमायला काही उरत नाही. वरच्या स्वरांवरून खालचा सा कान स्वतःच भरून घेतो. वहिनी बरोबर आहेत.

आता जागेचं. अडकलेली ही लाट दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मधोमध फुगते. लांबीच्या पाव अंतरावर, म्हणजे तुमच्याकडे भिंतीपासून चार फूट एक इंचावर, जवळजवळ मरते. तुमचे स्पीकर भिंतीला आणि कानही भिंतीला. घुमवायलाही सगळ्यात जोरकस जागा आणि ऐकायलाही! त्यात भिंत जवळ असली की खालचा सगळाच आवाज चढतो, आणि शोकेसचा कप्पा स्वतः खोका होऊन वाजतो तो वेगळाच. दुकानात स्पीकर स्टँडवर, भिंतीपासून लांब असणार. विचारून बघा.

एक प्रयोग करा. फोनवर टोन जनरेटर (हवा तो एकच सूर सलग वाजवणारं अ‍ॅप) घ्या, फोन अ‍ॅम्पला जोडा, 69 हर्ट्झ लावा. आवाज बेताचा ठेवा, सलग सुराला वूफर लवकर दमतो. मग सोफ्यावरून उठून टीव्हीकडे सावकाश चाला. काय होतं ते इथं लिहा.

पोपटी_वायर

भिंतीला अंड्याचे ट्रे ठोका. स्वस्तात काम.

जुना_साउंडवाला (कोल्हापूर)

पाच मीटरची लाट अंड्याच्या ट्रेला काय भीक घालणार? टाळी वाजवल्यावर फरशी आणि भिंत झिणझिणत असेल, तर सतरंजी नाहीतर जाड गोधडी उपयोगी पडते. ते वरच्या स्वरांचं काम. खर्ज गोधडीतून आरपार जातो.

खडू_फळा (मिरज)

प्रयोग केला. वायरी बरोबर निघाल्या. 69 लावून मी सोफ्यावर बसलो, कानात नुसता भोवरा. सौ. हॉलमध्ये काहीतरी आवरत होत्या, त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "बंद का केलंत?" मला इकडे तोच सूर बधिर करत होता! मोजायची टेप लावली. त्या उभ्या होत्या तिथपासून सोफ्यामागची भिंत चार फूट दोन इंच. मग आम्ही दोघं अर्धा तास हॉलभर फिरत होतो, इथं आहे, इथं नाही करत. शेजारचा मुलगा येऊन विचारून गेला, मोटर जळली का.

स्पीकर शोकेसमधून काढले, दोन लाकडी तिपायांवर ठेवले. ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) आता बसल्यावर कानाच्या उंचीला येतो, आधी गुडघ्याला होता. पाठीमागची भिंत पावणेदोन फूट. बाजूच्या भिंती किती लांब ठेवायच्या? आणि पोर्टमध्ये मोजा कोंबावा असं कुठंतरी वाचलं, ते खरं का?

जुना_साउंडवाला (कोल्हापूर)

मागचं आणि बाजूचं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर दोन्ही भिंतींची खोड एकाच स्वरावर येते. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं स्पीकरपासूनचं अंतर साधारण सारखं असावं, पण 10 फुटी रुंदीत थोडं कमी-जास्त चालेल. सोफा अडीच फूट पुढे घ्या. पूर्ण चार नको, तिथं खर्ज गायबच होईल आणि पुन्हा तक्रार कराल.

मोजा खोटा नाही. पोर्ट बुजला की खालचा जोर कमी होतो. पण जागा बदलायची सोय असताना मोजा म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं.

खडू_फळा (मिरज)

मोजा तरी घालून पाहिला, राहवलं नाही. घुमारा गेला, पण बायाँवरची (तबल्याच्या डग्ग्यावरची) घसीटही पातळ झाली. काढून टाकला. सोफा अडीच फूट पुढे घेऊन रात्री काळी एक लावली. खर्ज छेडल्यावर त्याच्या आत जवारीची ती बारीक सळसळ शेवटपर्यंत ऐकू आली, आणि गायकानं सा लावायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा. हे रेकॉर्डिंग माझ्याकडे कित्येक वर्षं आहे, तो श्वास मी पहिल्यांदा ऐकला.

आता सोफा गॅलरीच्या वाटेत येतो. तह असा झालाय की ऐकताना पुढे, एरवी भिंतीला. फरशीवर खडूनं खुणा केल्यात.

जुना_साउंडवाला (कोल्हापूर)

खडू पहिल्याच पोछ्यात जाईल, गुरुजी. चिकटपट्टी लावा.