मदत हवी आहे: डाउन सिंड्रोमवरच्या संशोधनात दादाबरोबर मीही नाव द्यावं का?

नमस्कार मंडळी,

माझ्या दादाला डाउन सिंड्रोम आहे. आता ५१ वर्षांचा आहे. आम्ही लहानपणापासून अमेरिकेतच. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आई आणि दादा आमच्याकडे असतात.

रोज रात्री पानं दादाच मांडतो. बाबा गेल्यावर महिनाभर पाचवं पान मांडायचा, मग थांबला. दिवाळीपासून ते पान परत येतंय. पाणी भरतो, डावीकडे मीठ वाढतो आणि बसल्यावर त्या पानाकडे बघत राहतो. आई काही न बोलता ते उचलते.

थायरॉइड, ऐकू येणं, झोपेतला श्वास सगळं तपासून झालं. त्यामुळेही असा विसराळूपणा येतो म्हणे. गोळी वाढवली, पान तसंच. मग अल्झायमरचा विषय निघाला. अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, ज्यातून तयार होतं ते एपीपी जनुक २१व्या गुणसूत्रावरच असतं आणि डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राचीच तिसरी प्रत असते. चाळिशीपर्यंत डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेलं असतं, विसरणं साधारण पन्नाशीत दिसू लागतं. दादा झाला तेव्हा आईला "पंचविशी गाठली तरी खूप" असं सांगितलं होतं. म्हातारपणाचा विचार कोण करणार?

आता डाउन सिंड्रोममधल्या अल्झायमरवरच्या एबीसी-डीएस नावाच्या अभ्यासाबद्दल कळलंय. त्यात तुलनेसाठी भावंडंही घेतात: आईबाप तेच, घर तेच, फक्त २१वं गुणसूत्र दोनच. रक्त, एमआरआय, पेट स्कॅन (मेंदूत साचलेलं अमायलॉइड दाखवणारा), स्मरणशक्तीच्या चाचण्या. पाठीतलं पाणी काढणं ऐच्छिक आहे.

माझी स्वतःची तयारी आहे. अडतंय दादापाशी. तो कुणालाही "हो" म्हणतो. कागदावर आई सही करेल, पण त्याला खरंच चालेल का हे कसं ओळखायचं? आणि चित्र दाखवल्यावर तो "कात्री" म्हणाला, तर इंग्रजी चाचणीत ते चूक धरतील का?

प्रतिसाद १: माझी ताई इंग्लंडमध्ये अशाच अभ्यासात आहे. एमआरआयचा आवाज आठवडाभर आधी घरी ऐकवला. तिने त्याचं नाव "मिक्सर" ठेवलं, मग घाबरली नाही. भाषेचं आधीच सांगून ठेवा, आणि पहिल्या दिवशी तुमची तपासणी त्याच्यासमोर होऊ द्या.

प्रतिसाद २: उलटसुलट विचारा. "सुई चालेल?" आणि थोड्या वेळाने "सुई नको ना?" दोन्हींना हो आलं तर त्याला कळलेलं नाही. शब्द सोडा, चित्रं दाखवा.

धागाकर्ती: विचारलं. दोन्हींना हो! मग चित्रं दाखवली. हाताची सुई बघून बाही वर केली. पाठीची सुई दिसताच उठला आणि भिंतीला पाठ लावून बसला. ती तपासणी नको म्हणून कळवते. बाकीच्यासाठी सोमवारी फोन करणार, कात्रीचंही तेव्हाच विचारते.