मदत हवी आहे : ऑफिसातली दोन कपाटे दिवाणखान्यात शोभतील अशी कशी करावीत?

त्रस्त_ठाणेकर
नमस्कार. वडिलांनी गेल्या महिन्यात आपले ऑफिस बंद केले आणि तिथली दोन कपाटे आमच्या घरी आली. सध्या ती दिवाणखान्यात उभी आहेत आणि त्यांच्यामुळे आमचे घर तहसील कचेरीसारखे दिसू लागले आहे. ती भंगारात देण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला कोणी देऊ नये. गणपतीला तीन आठवडे उरले आहेत आणि दीड दिवसात आमच्याकडे पन्नासएक माणसे येऊन जातात. मी ऑईल पेंटचा एक लिटरचा डबा आणून ठेवला आहे, पण सुतार म्हणतो की सनमायका लावा. नेमके काय करावे, हे कोणी लवकर सांगेल का?

सावंतवाडीकर
कपाटे लाकडाची आहेत की लोखंडाची? दारांची आहेत की खणांची? उंची किती आहे, गंज कुठे धरला आहे का आणि मूळ रंग भट्टीत भाजलेला आहे की नंतर कोणी ब्रशने मारलेला आहे? एवढे कळल्याखेरीज तुम्हाला मिळणारे प्रत्येक उत्तर हा अंदाजच असेल.

मीनल_रंगरेषा
गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी देऊन त्यावर पांढऱ्या रंगाने वारली चित्रे काढा. माझ्या बहिणीच्या घरी जुन्या पेटीवर मी तारप्याभोवतीचे नृत्य काढले होते, तेव्हा येणारा प्रत्येक माणूस आधी त्या पेटीपाशी जात असे. पत्र्यावर मात्र तांदळाचे पीठ टिकत नाही, अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावा लागतो.

त्रस्त_ठाणेकर
ऑफिसातली कपाटे म्हटल्यावर ती लोखंडीच असणार, हे वेगळे सांगायला हवे असे मला वाटले नव्हते. फाईलींची, प्रत्येकी चार खणांची, करड्या रंगाची आहेत. उंची सुमारे चार फूट चार इंच, रुंदी दीड फूट आणि भिंतीपासून पुढे दोन फूट. खालच्या कडेला थोडा गंज आहे आणि एका बाजूला दोन पोचे आहेत. वारली चित्रे सुंदर असतात, पण माझा हात त्या कामाचा नाही.

जुना_रंगारी
मी बावीस वर्षे गाड्यांना रंग दिला आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो. पत्र्यावर ब्रश फिरवू नका, कारण उजेड तिरका पडला की ब्रशची प्रत्येक रेघ दिसते. पोचे लांबीने, म्हणजे खड्डे भरायच्या लगद्याने, भरून घ्या, घासून सपाट करा आणि फवाऱ्याने ड्युको, म्हणजे गाड्यांना मारतात तो झटपट सुकणारा रंग, मारून घ्या. त्याहून चांगले हवे असेल, तर कपाटे खोलून पावडर कोटिंगला द्या, त्यात रंगाची पूड पत्र्यावर फवारून भट्टीत भाजतात. मात्र त्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान असते, म्हणून कुलपे, रबर आणि प्लॅस्टिकची चाके आधी काढून ठेवावी लागतात. हा विसर एकदा माझ्याच एका गिऱ्हाइकाला पडला आणि चाकांचा लगदा झाला.

सावंतवाडीकर
रंगारीबुवांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण भाद्रपदाच्या तोंडावर ठाण्यात ड्युको मारायला सांगणे मला पटत नाही. त्यातले थिनर झपाट्याने उडते, त्यामुळे पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढरट धुके चढते. शिवाय खाली कोणी पूर्वी ऑईल पेंट मारला असेल, तर ड्युकोच्या थिनरने तो उचलला जातो आणि सगळा पत्रा सुरकुततो. आधी मागच्या बाजूला थिनरमध्ये भिजवलेले फडके घासून पाहावे. खालचा रंग मऊ पडला किंवा फडक्यावर उतरला, तर ड्युकोचा विचार सोडून द्यावा.

जुना_रंगारी
पावसाळ्यासाठी रिटार्डर नावाचे मंद उडणारे थिनर मिळते आणि आम्ही जुलै-ऑगस्टमध्येही गाड्या रंगवतच होतो. फडक्याच्या परीक्षेबद्दल मात्र मी सहमत आहे.

हिशेबनीस
मूळ प्रश्न कपाटांचा असला, तरी खरा प्रश्न आतल्या कागदांचा आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात आणि कंपनी असेल, तर हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर त्याहून अधिक काळ. बाकीचे कागद वडिलांना विचारून काढून टाका. कदाचित एकच कपाट पुरेल आणि दुसऱ्याचा प्रश्नच मिटेल.

त्रस्त_ठाणेकर
हे मी विचारले नव्हते, पण उत्तर उपयोगी आहे. वडील मात्र १९९४ सालच्या फाईलीसुद्धा हातावेगळ्या करायला तयार नाहीत, म्हणून कपाटे दोनच राहतील असे धरून चालावे. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, तेव्हा थिनरचा वास घरभर पसरणार असेल, तर तेही सांगावे. आणि सनमायकाचे कोणीच काही बोललेले नाही.

दोन_पोरांची_आई
मुलाची गोष्ट तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहायला हवी होती. आज संध्याकाळी एक परीक्षा करा. सगळ्यात खालचा खण ओढा आणि तो उघडा असतानाच त्याच्या वरचा खण हलकेच ओढून पाहा. नव्या कपाटांमध्ये एका वेळी एकच खण उघडतो, पण जुन्या बऱ्याच कपाटांत अशी सोय नसते. फाईलींनी भरलेले दोन-तीन खण एकदम पुढे आले की वजन पायांच्या बाहेर जाते आणि कपाट तोंडावर येते. मुले खणांच्या पायऱ्या करून वर चढतात, हे मी माझ्या घरी पाहिले आहे. तेव्हा रंगाच्या आधी दोन्ही कपाटे एकमेकांना बोल्टने जोडा, वरच्या मागच्या कडेला काटकोनी लोखंडी पट्ट्या लावून भिंतीत पक्की करा आणि जड फाईली खालच्या दोन खणांत हलवा. भिंत हलक्या ब्लॉकची असेल, तर साधे प्लॅस्टिकचे गट्टे त्यात धरत नाहीत, वेगळे फास्टनर मागून घ्या.

आणखी एक. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमची कपाटे त्याआधीची असणार, म्हणून जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नका. वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद) पाण्यात बुडवून, खाली कागद पसरून, तोंडाला मास्क बांधून घासा आणि तेवढा वेळ मुलाला आजोळी पाठवा.

त्रस्त_ठाणेकर
परीक्षा केली. तीन खण एकदम उघडतात. कपाट हातभर पुढे झुकले आणि बायकोने मागून धरले. रंगाचा डबा तूर्तास बाजूला ठेवला आहे.

सुतारकाम_हौशी
सनमायकाबद्दल लिहितो. तो साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि तुमच्या खणांचे दर्शनी पत्रे जर चौकटीच्या आत बसत असतील, तर कडा घासू लागतील. पांढरा फेविकॉल पत्र्यावर धरत नाही, कारण तो सुकायला निदान एक बाजू पाणी शोषणारी लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंना लावून, थोडा सुकू देऊन मग दाबायचा चिकटपदार्थ लागतो, आणि एकदा टेकले की सरकवता येत नाही. तुमच्या सुताराने हे सांगितले का? माझ्या मते, फळी हीच खरी युक्ती आहे. दोन कपाटांवर मिळून तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल अशी सागवानी फळी टाका, कडेला गोलटा, म्हणजे गोलसर लाकडी पट्टी, द्या. लाकडाची ती एक आडवी रेघ आली की खालचे लोखंड आपोआप घरगुती वाटू लागते.

झ्युरिखवासी
सगळे जण लोखंड लपवण्याच्या मागे का लागले आहेत, हे मला कळत नाही. इथे स्वित्झर्लंडमध्ये फ्रिट्झ हालर या वास्तुविशारदाने १९६० च्या दशकात एका कारखान्याच्या ऑफिसासाठी नळ्यांची आणि रंगीत पत्र्यांची फर्निचरपद्धत आखली. ती आज लोकांच्या दिवाणखान्यांत आहे आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही आहे. ते फर्निचर आपण ऑफिसचे आहोत हे लपवत नाही. त्याचा पत्रा सपाट, कडा सरळ आणि रंग निःसंकोच असतो. तुमची कपाटे पिवळीधमक किंवा गडद निळी करा आणि चिठ्ठ्या घालायच्या पितळी चौकटी असतील, तर त्या मुळीच काढू नका.

मीनल_रंगरेषा
पिवळ्याधमक कपाटांसमोर गणपतीची आरास कशी दिसेल, याचाही विचार व्हावा.

सावंतवाडीकर
आणलेला डबा कोणत्या रंगाचा आहे आणि भिंतीचा रंग कोणता आहे, हे अजूनही कळलेले नाही.

त्रस्त_ठाणेकर
डबा पांढरा आहे, भिंत फिकट पिस्त्याची आहे. आई म्हणते की कपाटे जोडलीच आहेत, तर मूर्ती त्यांच्यावरच बसवू.

सावंतवाडीकर
मूर्ती तिथे बसवू नका. चार फूट चार इंचांवर चौरंग ठेवला, तर आरतीचे ताट डोक्यावर धरावे लागेल, आणि ज्याच्याखाली खण सारखे उघडमिट होतात, ते आसनही नव्हे.

पांढरा रंग तसाच मारला, तर कपाटे दवाखान्यातली दिसतील आणि मुठींभोवती बोटांचे डाग उठतील. त्याच डब्यात हिरवा आणि किंचित पिवळा स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंगद्रव) थेंबाथेंबाने घालून भिंतीच्या रंगाच्या जवळ जा. पांढऱ्यात स्टेनर घालून गडद रंग येत नाही, पण फिकट पिस्ता नक्की येतो, आणि एवढ्या मोठ्या वस्तू भिंतीच्या रंगाच्या झाल्या की त्या मागे सरतात. झ्युरिखवासींचा निळा रंग मोठ्या दिवाणखान्यात खुलेल, ठाण्यातल्या बारा फुटी खोलीत तो अंगावर येईल.

क्रम असा ठेवावा : गंज खरवडून तेवढ्याच जागी रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग, मग सगळा पत्रा ओल्या वॉटर पेपरने चकाकी जाईपर्यंत घासणे, पुसून पूर्ण वाळवणे, एक हात प्रायमर आणि ब्रशऐवजी लहान स्पंजच्या रोलरने दोन पातळ हात. खण बाहेर काढून वेगळे रंगवा. पावसाळ्यात ऑईल पेंट वरून सुकलेला दिसतो, पण आतून कच्चा असतो, आणि घाईने बंद केलेला खण कडेला असा चिकटतो की उघडताना रंगाची साल निघते. म्हणून निदान आठवडाभर खण बाहेरच राहू द्या. हे सगळे गॅलरीत करता आले, तर वासाचाही प्रश्न सुटेल.

जुना_रंगारी
रोलरला माझी हरकत नाही. पोच्यांत लांबी भरायला मात्र विसरू नका, कारण फिकट रंगावर पोचा अधिक उठून दिसतो.

त्रस्त_ठाणेकर
नऊ दिवसांनी लिहितो आहे. दोन्ही कपाटे जोडून भिंतीत पक्की केली आहेत. रंग भिंतीपेक्षा किंचित गडद झाला, पण बायकोला तसाच आवडला. सागवानी फळीची किंमत ऐकून मी प्लायवर व्हिनिअर लावून घेतले, हौशी सुतारांनी क्षमा करावी. सात खण सध्या गॅलरीत वाळत आहेत. आठवा अडला आहे. उजव्या कपाटाचा सर्वात वरचा खण कुलूपबंद आहे आणि त्याची किल्ली ऑफिस आवरताना हरवली. तो फोडला, तर दर्शनी पत्रा वाकेल. काय करावे?

दोन_पोरांची_आई
कुलपाच्या तोंडावर बारीक अक्षरात क्रमांक कोरलेला असतो. त्यावर पावडर भुरभुरवून मोबाईलने फोटो काढा आणि किल्लीवाल्याला दाखवा, क्रमांकावरून किल्ली मिळू शकते.

त्रस्त_ठाणेकर
क्रमांक होता. परवा मी त्यावर प्रायमर मारला आहे.

जुना_रंगारी
कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब थिनर घ्या आणि फक्त कुलपाच्या तोंडावर फिरवा. शेजारच्या रंगाला लावू नका.