‘वेव्ह’ पक्ष्याला मराठीत काय म्हणायचं?

टिळकवाडी: सेशेल्समधल्या ला डीग बेटावरच्या पक्ष्याची चित्रओळ लिहायची आहे. नर अख्खा काळा, उन्हात निळी झाक, शेपटीची मधली दोन पिसं लांबलचक. तिथल्या क्रिओल भाषेत त्याचं नाव ‘वेव्ह’, म्हणजे विधवा. मी ‘काळा स्वर्गीय नर्तक’ लिहिलं, तर मुद्रितशोधनात शेरा आला: ‘कधी वारले?’

खानापूरकर: जांबोटीकडं दिसतो तो स्वर्गीय नर्तकच की! वंश एकच, टर्प्सिफोनी. रूढ नाव आहे, ठेवा.

अनगोळ: रूढ असेल, पण ‘नर्तक’ कुठून आलं? टर्प्सिफोनी हे ग्रीक: ‘तेर्प्सिस’ आनंद, ‘फोने’ आवाज. नाच नाहीच त्यात. शेपटीचा पंखा करून नाचते ती नाचण, तो पक्षीच निराळा.

निपाणीकर: ‘विधवा’ तर नकोच. आफ्रिकेत त्या नावाचे पक्षी आहेत, ते दाणे टिपणारे. हा उडते किडे धरणारा. शिवाय काळा रंग आपल्याकडं वैधव्याचा नव्हे. संक्रांतीला काळी चंद्रकळा कोण नेसतं?

शहापूर: मग ‘चंद्रकळा’च म्हणा की! नाहीतर कानडीतलं ‘राजहक्की’, म्हणजे राजपक्षी, घ्या. याचं कुळ मोनार्किडी, म्हणजे राजघराणंच. नेमकं बसतंय.

निपाणीकर: चंद्रकळा नेसलेला नर? आणि मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलाय काय, कानडी घ्यायला?

शहापूर: आधी अण्णा, अक्का आणि अडकित्ता परत करा, मग बोलूया.

खानापूरकर: भांडा निवांत. पण नुसतं ‘काळा, लांब शेपटीचा’ लिहिलं तर वाचक भृंगराज पक्षी समजेल. त्याची शेपटी दुभंगलेली, कडेच्या दोन पिसांच्या नुसत्या काड्या आणि टोकाला चकत्या. याची मधली दोन पिसं वाढतात, शेवटपर्यंत फितीसारखी. चोच निळसर. फोटोत शेपटीचं टोक कापलं गेलं असेल तर चोच बघा.

टिळकवाडी: टोक आहे. अडचण शेजारच्या फोटोची: मादी. डोकं काळं, पाठ तांबूस, पोट पांढरं, शेपटी आखूड. तिच्याखाली ‘काळा’ कसं लिहू?

अनगोळ: दोघांनाही ‘सेशेल्सचा माशीमार’.

खानापूरकर: घाईत ‘मासेमार’ वाचतील. आणि माशीमार म्हणजे दुसरंच कुळ.

टिळकवाडी: उद्या छपाईला द्यायचंय हो.

निपाणीकर: अडकित्ता कानडी हे ठरवलं कुणी?

शहापूर: सुपारीला कानडीत काय म्हणतात ते सांगा आधी. ‘अडिके’!