पाणी चढतंय की

‘द लाइटहाउस’ या सिनेमात पहिला तासभर काहीच घडत नाही, अशी एकाची तक्रार आहे. घडतं हो, पण गोदेच्या पुरासारखं. आम्ही नाशिककर पूर मोजतो तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, आता छातीला. एकटक बघत राहिलात तर काही हलत नाही. चहा पिऊन परत या, मारुतीची कंबर गायब!

रॉबर्ट एगर्सने २०१९ साली हा सिनेमा कृष्णधवल केला, तोही १.१९:१ अशा जवळपास चौकोनी चौकटीत. दीपगृहाचे दोन रखवालदार (विलेम डफो आणि रॉबर्ट पॅटिन्सन) जेवायला समोरासमोर बसले की त्या चौकटीत श्वास घ्यायला जागा उरत नाही. बेटावर चार आठवड्यांची ड्यूटी, मग वादळ. न्यायला बोट येत नाही, आणि इथे येऊन किती दिवस झाले हेच धड कळेना. मला भुताखेतांपेक्षा ते जास्त लागलं. (समुद्रपक्ष्याचा तो प्रसंग मात्र जेवताना बघू नका.)

मी पाहिला तो भर पावसाळ्यात, लाइट गेलेली असताना, लॅपटॉपवर. संपल्यावर हेडफोन काढले तरी सिनेमातल्या दीपगृहाचा भोंगा चालूच. दोन मिनिटांनी कळलं, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर.