मदत हवी आहे : रिसेप्शनच्या कार्डावर आरएसव्हीपी म्हणजे काय, त्याखाली काय छापायचं?

मांजराकाठ : लातूरला पत्रिका छापायला टाकल्यात. मराठी पत्रिका ठीक आहे. रिसेप्शनच्या इंग्रजी कार्डाच्या प्रूफात तळाशी 'प्लीज आरएसव्हीपी' आणि खाली काका, मामा, आत्याचे यजमान अशी ११ नावं आहेत. प्रेसवाले म्हणतात सगळेच असं छापतात. बरोबर आहे का? उद्या प्रूफ परत द्यायचंय.

चौकट : छापतात सगळेच, पण चूक आहे. 'रेपाँदे सिल व्हू प्ले' या फ्रेंच वाक्याची ही आद्याक्षरं. अर्थ 'कृपया उत्तर कळवा'. कृपया त्यातच आलंय, म्हणून पुढचं 'प्लीज' काढा. आपल्याकडं त्याला 'आपले विनीत'चं इंग्रजी समजतात, मग नावांची रांग लागते आणि फोन नंबर एकही नसतो. ती ११ नावं 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम'खाली घ्या, कुणी रुसणार नाही. आरएसव्हीपी खाली डाव्या कोपऱ्यात, त्याखाली दोनच नावं, मोबाइल नंबर आणि 'अमुक तारखेपर्यंत'. तारीख नसली की लोक सवडीनं कळवू म्हणतात आणि राहून जातं. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधीची धरा. आचाऱ्याला ताटांचा आकडा देण्याआधी उरलेल्यांना स्वतः फोन करता येतो. पूर्ण फ्रेंच वाक्य मात्र छापू नका, अक्षरांवरच्या खुणा डीटीपीत हमखास सुटतात.

मांजराकाठ : आभारी आहे. मराठी पत्रिकेवरही उत्तर मागू का? आणि एकानं 'रिग्रेट्स ओन्ली' सुचवलंय.

बालाघाटी : मराठीवर नको. गावाकडं चूलबंद आवतण असतं, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच जेवायला बोलावणं. तिथं 'येणार का ते कळवा' म्हटलं की पाहुण्याला झोंबतं. आकडा लागतो तो हॉलमधल्या ठरलेल्या ताटांना, तेवढ्यापुरतंच विचारा. 'रिग्रेट्स ओन्ली' म्हणजे न येणाऱ्यानंच कळवायचं, गप्प राहिला तो येणार असं धरायचं. आपल्याकडं 'जमणार नाही' असं तोंडावर कोण म्हणतं? ताटं वाया जातील.

चौकट : सहमत. आणि उत्तर व्हॉट्सॲपवर मागणार असाल तर 'किती जण' हेही विचारा. नुसतं 'येतो' म्हणणारा एकटा येणार की जीप भरून, ते कळत नाही. इंग्रजीत आरएसव्हीपी ही अक्षरं टिंबं देऊन किंवा न देता, दोन्ही चालतं. मराठी आणि इंग्रजी कार्डांत नंबर तेवढे एकच आहेत ना, ते प्रूफात ताडून घ्या.