डेस्कटॉपला हेडसेटचा आवाज येतोय पण माईक मुका, विंडोज नवीन मारू का?

कट_वेगळा
मंडळी, दोन दिवस झाले डोकं उठलंय. गेल्या महिन्यात असेंबल्ड डेस्कटॉप घेतला, विंडोज ११ आहे, सोमवारपासनं घरातनंच ट्रेनिंग सुरू होतंय म्हणून काल राजारामपुरीतनं हेडसेट आणला, साधा वायरवाला, एका पिनचा. गाणी झकास ऐकू येतात, दोन्ही कानांत. माईक मात्र ठार मुका. भाऊ आतल्या खोलीत मोबाईलवर मीटिंगला बसलावता, म्हणतोय नुसते ओठ हलायलेत तुझे, आणि मी इकडं घसा फोडून ओरडायलोय, शेवटी शेजारच्या काकूंनी खिडकीतनं विचारलं काय झालं रे म्हणून. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडनं साउंड चालवून घेणारं सॉफ्टवेअर, दोनदा काढून परत घातला. आता विंडोज नवीन मारू का हेडसेट परत देऊ? दुकानदार म्हणतोय पीस ओके आहे, तुमच्या मशीनमध्येच लोचा आहे.

रंकाळ्याचा_वारा
थांबा हो, विंडोज काय मारताय लगेच. आपल्याकडं माईक बंद पडला तरी विंडोज, प्रिंटर अडकला तरी विंडोज. आधी पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा, दोन आहेत का तीन? आणि तोच हेडसेट मोबाईलला लावून कुणालातरी फोन करा, माईक चालतोय का बघा. आणि डेस्कटॉपला कुठल्या रंगाच्या भोकात घातलाय तेपण सांगा.

कट_वेगळा
तीन रेघा. मोबाईलला लावून आईला फोन केला, खणखणीत जातोय आवाज. डेस्कटॉपला मागं हिरव्यात लावलाय, गुलाबीत घातला की गाणी पण बंद.

रंकाळ्याचा_वारा
मग झालं की. हेडसेट पण बरोबर, मशीन पण बरोबर, दोघांचं एकमेकांशी जमत नाही एवढंच.
तीन रेघा म्हणजे पिनचे चार तुकडे: टोकाला डावा कान, मग उजवा कान, मग ग्राउंड, म्हणजे सगळ्यांची परतीची वाट, आणि सगळ्यात मागं वायरीकडचा तुकडा माईकचा. मोबाईल आणि बऱ्याच लॅपटॉपच्या भोकात चारी तुकड्यांना संपर्क असतो. डेस्कटॉपच्या मागचं हिरवं भोक फक्त तीन तुकड्यांचं, नुसतं ऐकायला. माईकचा तुकडा त्यात जाऊन बसतो पण त्याला विचारणारं कुणी नाही, सोयऱ्याच्या लग्नात अनोळखी पाव्हणा बसल्यासारखा. तुम्ही ड्रायव्हर शंभरदा टाकला तरी माईकचा आवाज पोचायला वाटच नाही.
यावर इलाज म्हणजे स्प्लिटर केबल. पण दुकानात नीट बघून घ्या, नुसतं स्प्लिटर म्हटलं की दोघांनी एका मोबाईलवर गाणी ऐकायची केबल हातात टेकवतात, मी स्वतः ती घेऊन आलोय आणि परत जाऊन शिव्या घातल्यात. तुम्हाला पाहिजे ती केबल उलटी: एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना, एकीवर हेडफोनचं चित्र, दुसरीवर माईकचं. हिरव्यात हेडफोन, गुलाबीत माईक.

तिकटीवरचा_भावा
भावा कशाला वायरीचा नाद, ब्लूटूथ घे आणि मोकळा हो

पेठेतली_मी
ब्लूटूथचं नको हो सांगू ट्रेनिंगला. मी सहा महिने वापरलो, गाणी मस्त वाजतात पण माईक चालू झाला की तो टेलिफोनच्या मोडवर जातो आणि समोरच्याचा आवाज डब्यातनं आल्यासारखा येतोय. वायरवालाच बरा.
आणि कॅबिनेटच्या पुढं हेडसेटचं चित्र असलेलं एकच भोक असेल तर आधी त्यात घालून बघ, काही कॅबिनेटला कॉम्बो असतंय, म्हणजे ऐकायचं आणि माईक एकाच भोकात, केबलचे पैसे वाचतील. त्यात गाणी पण येत नसतील तर आतली वायर मदरबोर्डला लावलीच नसेल, असेंबल करणारे लई वेळा विसरतात. माझ्यात तीच लोंबकळत होती. मशीन बंद करून, प्लग काढून बाजूचा पत्रा उघडलो, एचडी ऑडिओ लिहिलेला काळा कनेक्टर बोर्डाच्या खालच्या कडेला जाऊन बसला. त्यात एक भोक बुजवलेलं असतंय, बोर्डावर तिथली पिन नसती, त्यामुळं उलटा बसत नाही, जोर लावू नको.

कट_वेगळा
पुढं दोन वेगळीच भोकं आहेत. केबल आणली. दुकानदारानं आधी चुकीचीच काढली 😂
माईक चालला! पण आवाज लई बारीक जातोय, आणि मागं हम्म्म्म असा घुमतोय. एक गंमत म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की घुमणं बदलतंय आणि बोटाला झिणझिण्या येतात.

रंकाळ्याचा_वारा
बारीक आवाजाचं सोपं आहे. विंडोज आणि आर दाबा, एमएमएसवायएस डॉट सीपीएल (mmsys.cpl) टाका, रेकॉर्डिंगमध्ये तुमचा माईक निवडून लेव्हल्समध्ये जा. माईक ९० च्या आसपास आणि बूस्ट, म्हणजे माईकचा आवाज आणखी चढवणारी पट्टी, +१० किंवा +२० डीबी. +३० ला पंख्याची घरघर पण मीटिंगला हजर होते. तिथंच कम्युनिकेशन्सच्या टॅबमध्ये डू नथिंग करा, नाहीतर कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्के खाली जातात आणि परत इथं विचारायला याल.
झिणझिण्यांची मात्र गंमत नव्हे. प्लग कुठं लावलाय?

कट_वेगळा
घर जुनं आहे, आजोबांच्या काळातलं, बोर्ड टू-पिनचा. त्याला कन्व्हर्टर लावून थ्री-पिन घातलीय.

रंकाळ्याचा_वारा
म्हणजे अर्थिंगच नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो, तो थोडा करंट अर्थमध्ये सोडतो. अर्थची वायर नसली की पत्र्यावर २३० च्या निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट बारीक असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण सप्लायमध्ये उद्या बिघाड झाला तर तोच पत्रा जोरात धरेल. माईकमधली हम्म बहुतेक त्याचीच, आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची, ती अशीच घुमते. वायरमन बोलवा, अर्थिंग करून घ्या, थ्री-पिनची जाड पिन कापायची आयडिया कुणी दिली तर त्याला चहा पाजून घालवा.

तिकटीवरचा_भावा
माझ्याकडं पण झिणझिण्या येतात, मला वाटलं मशीन नवीन आहे म्हणून 😳

कट_वेगळा
वायरमन येऊन गेला. कॅबिनेटला टेस्टर लावला तर तो पेटला, आई बघत होती, तिनं मला दोन शिव्या आणि त्याला चहा दिला. वेगळी अर्थ वायर ओढून थ्री-पिनचा नवा बोर्ड बसवला. घुमणं गेलं, झिणझिण्या पण गेल्या. बूस्ट +१० वर ठेवलाय. भाऊ म्हणतोय आता ओरडू नकोस, कान दुखतोय.