बामणघळ बघायची तर शनिवार कुठला?

बी-५ (धाकटा): काका-काकू, आम्ही पाचजण मित्र या शनिवारी कोकणात निघतोय. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूणात नाश्ता, बारापर्यंत हेदवीची बामणघळ, ती समुद्रकाठच्या कातळातली. मग तवसाळच्या फेरीबोटीतून जयगड, गणपतीपुळ्याला मुक्काम. रविवारी पन्हाळेकाजीची लेणी बघून साताऱ्यात परत. घाटाचा रस्ता कसाय सध्या?

ए-२ अण्णा: लेण्यांसाठी पार दापोलीपर्यंत? कराडला आगाशिवावर ढीगभर पडलीत की, ती बघितली का आधी?

सेक्रेटरी: शनिवारी टाकी धुणार. १० ते २ पाणी बंद. भरून ठेवा.

ए-४ काकू: अरे थांब. माझं माहेर गुहागरचं. या शनिवारी अष्टमी आहे, कॅलेंडर बघ. आमच्याकडं तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता भरती. आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि तुम्ही पोचणार बाराला, भर ओहोटीत! काळ्या कातळात एक चीर दिसेल, तळाला खळखळतं पाणी, झालं. त्यात अष्टमीचा भांग, म्हणजे भरतीलासुद्धा जोर नसतो. पुढच्या शनिवारी पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, शिवाय उधाण. लाट चिंचोळ्या घळीत घुसते, पुढं वाट नाही, मागची लाट रेटते, मग पाणी धाडकन वर उसळतं. त्याच्यासाठी जायचं ना?

डी-३ दादा: मोबाईलवर पुढच्या शनिवारची भरती पावणेबारा दाखवतंय. काकू, लय भारी हिशेब!

ए-४ काकू: अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं व्हायचंच. तासभर आधी पोचा. उमामहेश्वराच्या देवळाजवळून वाट आहे. कडेला जाऊन सेल्फी काढायचा नाही, कातळावर शेवाळ असतं.

बी-५ (धाकटा): पण काकू, बुकिंग झालंय पुळ्याला 😭

ए-४ काकू: पुळं रद्द कर. ते दक्षिणेला, पन्हाळेकाजी उत्तरेला, दोन दिवसांत नुसती गाडीच हाकाल. गुहागरला राहा. रविवारी सकाळी धोपाव्याहून बोटीनं दाभोळ, गाडीसकट. तिथनं पन्हाळेकाजी, मग खेडवरून चिपळूण, घाट चढून घरी.

ए-२ अण्णा: तिथं एवढं आहे तरी काय?

ए-४ काकू: कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत, अण्णा. आधी बौद्धांची, नंतर नाथपंथीयांची. एकाच डोंगरात दोन्ही.

ए-२ अण्णा: नाथांची? हे नव्हतं माहीत.

बी-५ (धाकटा): बरं, मुक्काम बदलतोय, पोरं तयार आहेत. पुढच्या शनिवारी पहाटे पाचला निघतो. सेक्रेटरी काका, वॉचमनला गेट उघडायला सांगून ठेवा. आणि माझ्या गाडीच्या मागं कुणी स्कूटर लावू नका राव, मागच्या वेळी अर्धा तास मालक शोधत होतो.

सेक्रेटरी: सांगतो. टाकी याच शनिवारी आहे, त्यात बदल नाही.